विमानाचं अंतर, प्रवासाचे तास आणि ठाण्यातून निघायची वेळ: पहिल्यांदा हिशेब करणाऱ्यांसाठी

मुलगी लंडनला, आईवडील ठाण्याच्या कोपरीत. पहिल्यांदा तिकडे जायचं ठरलं की पहिला प्रश्न, 'किती तास लागतात?' शेजारचे सांगतात नऊ तास. तिकिटावर दुपारी सव्वाला उड्डाण आणि संध्याकाळी साडेपाचला पोहोच, म्हणजे सव्वाचारच तास दिसतात. ट्रॅव्हल एजंट म्हणतो पावणेदहा. आणि घरच्या दारापासून मुलीच्या दारापर्यंत मोजलं तर हा आकडा सोळा-सतराच्या घरात जातो. यातलं एकही उत्तर खोटं नाही. प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे, एवढंच. ही मोजमापं सुटी करून एकावर एक कशी रचायची, ते खाली दिलं आहे. उदाहरण मुंबई-लंडनचं घेतलंय, पण रीत कुठल्याही दोन विमानतळांना चालते.

आधी विमानतळ नक्की करा, शहर नव्हे

अंतर दोन शहरांमधलं नसतं, दोन विमानतळांमधलं असतं. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो. मुंबईचा बीओएम, बॉम्बे नावावरून आलेला. लंडनला हीथ्रो एलएचआर आणि गॅटविक एलजीडब्ल्यू, शिवाय आणखीही आहेत. न्यूयॉर्कला जाणारं विमान जेएफकेला उतरेल किंवा नदीपलीकडे न्यू जर्सीत नेवार्कला, ईडब्ल्यूआरला.

ठाणे आणि नवी मुंबईकरांना ही काळजी आता घरच्या बाजूलाही घ्यावी लागते. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. त्याचा कोड एनएमआय. दोन्ही विमानतळांत हवाई अंतर पंचवीस किलोमीटरच्या आतच आहे, त्यामुळे आकाशातल्या हिशेबात फरक दोन-तीन मिनिटांचा. रस्त्यावरच्या हिशेबात मात्र तासाभराचा पडू शकतो. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून टॅक्सी बुक करू नका, कोड वाचा. बीओएम असेल तर टर्मिनलही पाहा: टी-१ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला, टी-२ सहारला. आतून चालत एकातून दुसऱ्यात जाता येत नाही.

दोन वेगवेगळी तिकिटं काढून एक प्रवास जोडणाऱ्यांनी तर दोनदा वाचावं. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मधे सामान घेणं, खाडी ओलांडणं आणि पुन्हा चेक-इन, हे सगळं आलं. चार तासांचं अंतरसुद्धा तिथे तोकडं पडू शकतं.

अंतर काढणं

सोपा मार्ग असा. कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा, विमानतळावर राइट-क्लिक करा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर क्लिक करा. रेघ वाकडी दिसेल. घाबरू नका, सगळ्यात जवळची वाट तीच आहे. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट, म्हणून गोलावरची सरळ रेघ कागदावर कमानीसारखी दिसते. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर टाचण्या लावून दोरा ताणून बघा. दोरा अरबस्तानावरून पश्चिमेला जाईल असं वाटतं, पण तो मुंबईतून जवळजवळ उत्तरेकडे निघतो, नॉर्वेवरून जातो, आइसलंडच्या पूर्वेकडच्या समुद्रावर ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग खाली उतरतो. या वाटेला बृहद्‌वृत्त म्हणतात.

हाताने करायचं असेल तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश हवेत. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. रेखांशांतला फरक ७३.३२ अंश. आता:

१. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.२५५८.
२. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार करा: ०.१६९०.
३. बेरीज ०.४२४८. तिचा व्यस्त कोसाइन काढा: ६४.८६ अंश.
४. एक अंश म्हणजे पृथ्वीवर १११.२ किमी. गुणा: सुमारे ७,२१० किमी.

पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे, त्यामुळे या रीतीत जास्तीत जास्त अर्धा टक्का इकडेतिकडे होतं. प्रवासाच्या नियोजनाला तेवढं चालतं.

चुका होतात त्या ठरावीक ठिकाणी. स्प्रेडशीटमधला साइन अंश ओळखत नाही, त्याला रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) लागतात. अंश तसेच टाकले तर उत्तर काहीतरीच येतं, पण येतं मात्र नक्की, म्हणून लक्षात येत नाही. दुसरी चूक अंश-मिनिटांची. १९ अंश ५ मिनिटं म्हणजे १९.०५ नव्हे, १९.०८. आणि ७२ अंश ५२ मिनिटं म्हणजे ७२.५२ नव्हे, ७२.८७. या दुसऱ्या चुकीने मुंबई विमानतळ सदतीस किलोमीटर पश्चिमेला, थेट समुद्रात जातो.

तिसरी चूक सगळ्यात गमतीची. पश्चिम रेखांश उणे लिहायचा असतो. लंडनला तो शून्याजवळ असल्याने उणे विसरलात तरी फारसं बिघडत नाही. पण न्यूयॉर्कच्या ७३.७८ समोरचं उणे चिन्ह राहिलं, तर तुमचं न्यूयॉर्क किर्गिझस्तानच्या डोंगरात जाऊन बसतं आणि अंतर २,४०० किमी येतं. खरं अंतर साडेबारा हजारांच्या वर आहे. 'अमेरिका इतकी जवळ?' असं वाटलं की आधी चिन्ह तपासा.

एककांचंही बघा. लंडनचे तेच ७,२१० किमी कुठे ४,४८० दिसतील, ते साधे मैल. कुठे ३,८९० दिसतील, ते सागरी मैल, विमान आणि जहाजवाल्यांचे, एक म्हणजे १.८५२ किमी. आकडा कमी दिसला म्हणून वाट जवळची होत नाही.

किलोमीटरचे तास करणं

इथेच बहुतेक नवखे फसतात. विमान ताशी ९०० किमी जातं, ७,२१० ला ९०० ने भागलं, आठ तास. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास धरलेले असतात आणि परत येताना साडेआठ-नऊ. मधले तास कुठे गेले?

पहिली गोष्ट, विमान काटेकोर बृहद्‌वृत्तावरून उडत नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, वादळं चुकवायची असतात आणि काही देशांचं आकाश बंद असतं. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. त्याचा मोठा फटका दिल्ली आणि उत्तरेतल्या शहरांना बसला. मुंबईची विमानं अरबी समुद्रावरून ओमान आणि आखाताकडे जाऊ शकतात, त्यामुळे इथला वळसा तुलनेने लहान. २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या अनेक कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. एकाच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या वेळेत फरक दिसला तर कारण बऱ्याचदा हेच असतं. घरगुती हिशेबाला अंतरात ५ ते ७ टक्के वाढवून घ्या.

दुसरी गोष्ट वारा. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. पश्चिमेला जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. हिवाळ्यात हे पट्टे जोरकस असतात आणि उत्तर भारत-पश्चिम आशियावरूनही जातात, म्हणून जानेवारीतलं जाणं-येणं आणि जुलैतलं जाणं-येणं यात फरक पडतो. विमानाचा हवेतला वेग दोन्ही वेळा सारखाच, जमिनीवरून मोजलेला बदलतो.

तिसरी गोष्ट, तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. गेटवरून विमान हललं की घड्याळ सुरू, दुसऱ्या गेटवर थांबलं की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि शहरावर घिरट्या घालणं, सगळं आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्हींवरून एकाच वेळी वाहतूक चालत नाही, त्यामुळे गर्दीच्या वेळी ही रांग लांबते. मुंबई-दिल्ली हे साधारण १,१४० किमी. हवेत विमान पावणेदोन तासांच्या आसपास असतं, पण वेळापत्रकात सव्वादोन तास लिहिलेले असतात. वरचा अर्धा तास जमिनीवरचा आणि उशीर पोटात घालण्यासाठी राखलेला. पायलट 'आपण वेळेच्या वीस मिनिटं आधी पोहोचलो' म्हणतो ना, तो त्याच राखीव साठ्यातून खर्च करत असतो.

हे सगळं धरून एक ढोबळ सूत्र. अंतराला १.०५ ने गुणा. मोठं, दोन मार्गिकांचं (आसनांमधून चालायच्या दोन वाटा असलेलं) विमान असेल तर पश्चिमेला जाताना ८५० ने भागा, पूर्वेला येताना ९३० ने. लहान एकमार्गिका विमानाला ८०० आणि ८६० धरा. शेवटी ३५ ते ४० मिनिटं मिळवा. लंडन: ७,२१० चे ७,५७० झाले, ८५० ने भागून आठ तास चोपन्न मिनिटं, वरची मिळवून साडेनऊच्या पुढे. परतीचे पावणेनऊच्या आसपास. दुबई १,९३० किमी, लहान विमानाने जाताना तीन तास-सव्वातीन. अर्धा तास इकडेतिकडे होईल, त्याहून जास्त फरक आला तर मधे थांबा आहे का ते बघा.

थांबा घेणं: किती लांब पडतं?

दुबईवरून न्यूयॉर्कला जाणं म्हणजे मोठा वळसा, असं वाटतं. बेरीज करून बघा. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,००० च्या आसपास, मिळून १२,९३०. थेट वाट १२,५३०. फरक जेमतेम ४०० किमी, म्हणजे हवेतला अर्धा तास. आखाती शहरं आपल्याला युरोप-अमेरिकेच्या वाटेवरच पडतात. तेच सिंगापूरवरून गेलात तर ३,९०० अधिक १५,३५० मिळून १९,२५० किमी होतात. तिकीट कितीही स्वस्त असो, ही जवळजवळ साडेसहा-पावणेसात हजार किमीची जादा फरपट आहे.

म्हणून थांब्याचं तिकीट निवडताना किलोमीटरपेक्षा जमिनीवरच्या तासांकडे जास्त लक्ष द्या. दीड तासाचा थांबा कागदावर छान दिसतो. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं, मधे सुरक्षा तपासणी पुन्हा झाली आणि गेट दुसऱ्या टोकाला असलं, की संपला. वयस्कर माणसं किंवा व्हीलचेअर असेल तर अडीच-तीन तासांखाली जाऊ नये. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढचं विमान चुकल्यावर कंपनी सोय लावते. स्वतंत्र तिकिटं असतील तर बहुधा तुमचं तुम्ही.

घड्याळ जुळवणं

तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या त्या गावच्या असतात. निघायची वेळ मुंबईची, पोहोचायची लंडनची. त्यांची सरळ वजाबाकी करायची नाही. दोन्ही वेळा आधी जागतिक वेळेत आणायच्या. भारत तिच्या साडेपाच तास पुढे, दुबई चार, सिंगापूर आठ. लंडन हिवाळ्यात तिच्याबरोबर आणि उन्हाळ्यात एक तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार.

सुरुवातीचंच उदाहरण. मुंबई दुपारी १३:१५, साडेपाच वजा केले, ७:४५. लंडन संध्याकाळी १७:३०, हिवाळा असेल तर तीच जागतिक वेळ. १७:३० मधून ७:४५ गेले, उरले पावणेदहा तास. परतीला लंडनहून रात्री २०:३० ला निघून दुसऱ्या दिवशी मुंबईत १०:४५ ला पोहोचायचं असेल तर १०:४५ मधून साडेपाच गेले, ५:१५. रात्री साडेआठ ते पहाटे सव्वापाच, पावणेनऊ तास.

न्यूयॉर्कचं बघितलं की डोकं गरगरतं. जानेवारीत मुंबईहून पहाटे १:४० ला निघालेलं विमान १६ तास उडून त्याच तारखेला सकाळी ७:१० ला पोहोचतं. घड्याळ सांगतं साडेपाच तास! फरक साडेदहा तासांचा आहे, तो मिळवला की १६ पूर्ण होतात.

आपला 'साडे' इथे नेहमी घात करतो. पाच तास किंवा सहा तास धरणारे अर्ध्या तासाने चुकतात. शिवाय आपण घड्याळ बदलत नाही, ते बदलतात. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे नेतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या. म्हणजे मार्चात दोन-तीन आठवडे अमेरिका बदललेली आणि युरोप न बदललेला असतो. त्या दिवसांत लंडनला थांबा घेऊन जाणाऱ्यांनी पाठ केलेले फरक वापरू नयेत. तिकिटावरच्या वेळेशेजारी '+१' असेल तर दुसऱ्या दिवशी पोहोचणार, हेही बघून ठेवा.

रात्री बारानंतरचं विमान

याला वेगळं लिहायलाच हवं, कारण विमान चुकण्याचं हे ठरलेलं कारण आहे. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, पहाटे १:४०. घरात सगळे म्हणतात, '१५ ला जायचंय', कालनिर्णयावर १५ वर खूण, आणि १५ च्या रात्री बॅगा घेऊन निघतात तेव्हा विमान जाऊन वीस तास झालेले असतात. खूण १४ वर करा आणि तिच्यापुढे लिहा, 'रात्री ९ ला घर सोडणे'. टॅक्सी बुक करतानाही तारीख १४.

घर ते विमानतळ

उलटं मोजत या. आंतरराष्ट्रीय विमान १:४० चं. काउंटर साधारण तासभर आधी, म्हणजे १२:४० ला बंद होतं, अमेरिकेच्या काही विमानांना त्याहूनही आधी. गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. चेक-इन, सुरक्षा आणि इमिग्रेशन यांना तीन तास धरा, म्हणजे टी-२ च्या दारात २२:४०. देशांतर्गत असेल तर दोन तास पुरतात.

ठाण्याहून टी-२ म्हणजे तीन हात नाक्यावरून ईस्टर्न एक्सप्रेस हायवे, विक्रोळीला जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), पुढे मरोळ-सहार. वीस-पंचवीस किलोमीटर. रात्री दोनला चाळीस मिनिटं, संध्याकाळी सात ते नऊला दीड तासही लागतो. पावसाळ्यात वर अर्धा तास. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे राहणाऱ्यांनी माजिवड्यापर्यंतची वेळ वेगळी धरावी, तो टप्पा कधी कधी बाकीच्या अख्ख्या रस्त्याइतका खातो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, पण नाक्यापाशी वाहनं तुंबणं काही थांबलेलं नाही.

सामान कमी असेल आणि दिवसाचं विमान असेल तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो एकने मरोळ नाका, तिथे मेट्रो तीन पकडून पुढचंच स्टेशन टी-२. वेळ बऱ्यापैकी ठाम असते, हा मोठा फायदा. रात्रभर मेट्रो चालत नाही, हे विसरू नका. दोन मोठ्या बॅगा घेऊन घाटकोपरच्या पुलावर संध्याकाळी जाण्याचा सल्ला कुणी दिला तर नम्रपणे ऐकून टॅक्सी बोलवा.

नवी मुंबई विमानतळाला ठाण्याहून ठाणे-बेलापूर रस्ता, ऐरोली, घणसोली, तुर्भे करत बेलापूर आणि किल्ला जंक्शनहून पुढे आम्र मार्ग. वाशी-नेरुळकरांना हा विमानतळ दाराशी आहे. ठाणेकरांना किलोमीटर जास्त, पण सायंकाळी जेव्हीएलआरवर अडकण्यापेक्षा बरा पडू शकतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात, त्याच वारी आणि त्याच वेळेला, फोनवर दोन्ही रस्त्यांची वेळ बघून ठेवा. आजच्या दुपारची वेळ शुक्रवार संध्याकाळला लागू होत नाही.

आणायला जाणाऱ्यांसाठी

विमान उतरण्याची वेळ आणि माणूस बाहेर येण्याची वेळ यांत परदेशी विमानाला एक तास ते सव्वा तास धरा: गेटपर्यंत पंधरा-वीस मिनिटं, इमिग्रेशन, मग पट्ट्यावर बॅगा. रात्री उशिरा तीन-चार मोठी विमानं एकदम उतरली तर दीड तास. म्हणून ठाण्यातल्या माणसाने मध्यरात्रीनंतर घरातून निघायचं ते ट्रॅकिंग अ‍ॅपवर विमान जमिनीला टेकल्याचं दिसल्यावर. वेळापत्रकातल्या वेळेवर विसंबून आधी गेलात तर विमानतळाच्या पार्किंगचं मीटर चालू राहतं आणि हातात फक्त थंड झालेला चहा उरतो.